ब्रिटनच्या सिम्प्लिफाइड आयात डिक्लेरेशनमध्ये प्रोसिजर कोड कसा ठरवायचा

ब्रिटनमध्ये आयातीचं काम नव्याने हाती घेतलेल्या माणसाचा पहिला गैरसमज ‘सिम्प्लिफाइड’ या शब्दातूनच होतो. डिक्लेरेशन छोटं आहे, तर कोडही ढोबळ चालेल, पक्का कोड नंतर सप्लिमेंटरीत, म्हणजे मागाहून भरायच्या सविस्तर डिक्लेरेशनमध्ये, टाकू, असं त्याला वाटतं. ही सवलत फक्त वेळेची असते. बंदरावर थोडी माहिती देऊन माल सोडवायचा आणि किंमत, ड्युटी, व्हॅटचा पूर्ण हिशेब पुढच्या महिन्यात द्यायचा, एवढंच यात सोपं केलेलं आहे. माल कोणत्या कायदेशीर अवस्थेत देशात शिरतो हे मात्र पहिल्याच फटक्यात ठरतं, आणि ते ठरवतो प्रोसिजर कोड. तो आज चुकला तर बहुतेक वेळा आज काहीच होत नाही. माल सुटतो, ट्रक निघून जातो. भानगड कळते ती सप्लिमेंटरी भरताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे ऑडिटमध्ये.

हा लेख ब्रिटिश कस्टम्सच्या सीडीएस या प्रणालीत काम करणाऱ्यांसाठी आहे, मग ते लंडनजवळच्या ऑफिसात बसून करत असोत किंवा पुणे-नवी मुंबईच्या बॅक ऑफिसमधून. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे असल्याने इथे फक्त इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या आयातीचा विचार केला आहे. कोड वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. सिस्टिममध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक टाकायचे, मधे जागा न सोडता.

कोडची रचना

प्रोसिजरची माहिती दोन रकान्यांत जाते. रकाना १/१० मध्ये चार आकडे. त्यातले पहिले दोन म्हणजे मालाचं आता काय करायचं आहे, आणि पुढचे दोन म्हणजे याआधी माल ब्रिटिश कस्टम्सच्या कोणत्या प्रोसिजरमध्ये होता. रकाना १/११ मध्ये तीन अक्षर-अंकांचा ॲडिशनल कोड. एखादी खास सवलत किंवा खास परिस्थिती असेल तर ती इथे सांगायची, काहीच खास नसेल तर ०००.

रोजच्या कामात पहिले दोन आकडे थोडेच लागतात. ४० म्हणजे माल ड्युटी-व्हॅटसह देशांतर्गत वापरासाठी मोकळा करणं. ४४ म्हणजे एंड यूज, ठरावीक कामासाठीच माल वापरण्याच्या अटीवर कमी किंवा शून्य ड्युटी. ५१ इनवर्ड प्रोसेसिंग (ड्युटी न भरता माल आणून त्यावर काम करणं), ५३ तात्पुरती आयात, ६१ परत आलेला माल, ७१ कस्टम्स वेअरहाउस (ड्युटी न भरता माल साठवण्याचं गोदाम). अबकारी माल थेट अबकारी गोदामात जात असेल तर ०७. मागचे दोन आकडे बहुतेक वेळा ००, म्हणजे याआधी काही नाही. त्याखेरीज ७१ (वेअरहाउसमधून), ५१ (प्रोसेसिंगमधून), ५३ (तात्पुरत्या आयातीतून), ७८ (फ्री झोनमधून), आणि परत आलेल्या मालासाठी १०, २१, २३ हे निर्यातीचे कोड.

न्हावा-शेव्याला काम केलेल्यांना हे नवीन वाटायला नको. आपल्याकडे पांढरी, पिवळी आणि हिरवी बिल ऑफ एन्ट्री असायची: होम कन्झम्प्शन, इन-टू-बाँड आणि एक्स-बाँड. ब्रिटनमध्ये त्याच तीन गोष्टी म्हणजे ४० ००, ७१ ०० आणि ४० ७१. फरक एवढाच की तिथे फॉर्मचा रंग बदलत नाही, चार आकडे बदलतात. त्यामुळे चूक नजरेत भरत नाही.

जुन्या चीफ प्रणालीत सात आकड्यांचा एकच कोड असे. आयातीसाठी चीफ २०२२ मध्ये बंद झाली, पण तिचे टेम्प्लेट अजून अनेक ऑफिसांच्या शेअर्ड ड्राइव्हवर पडून आहेत. त्या सात आकड्यांचे चार आणि तीन असे तुकडे करून नव्या रकान्यांत चिकटवू नका. ४० ०० ००० जुळून येतं म्हणून बाकीचेही जुळतील असं नाही. १/११ ची यादी पूर्ण नव्याने केलेली आहे.

पायरी १: सिम्प्लिफाइड विसरा, आधी पूर्ण डिक्लेरेशनचा कोड ठरवा

आयातदाराने आज पूर्ण डिक्लेरेशन भरलं असतं तर कोणता कोड टाकला असता, हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारा. सिम्प्लिफाइडसाठी कोडचा वेगळा संच नाही. एसएफडी, म्हणजे बंदरावरचं छोटं डिक्लेरेशन, आणि नंतरचं सप्लिमेंटरी या दोन्हींत तेच चार आकडे यायला हवेत.

त्यासाठी आयातदाराकडून चार गोष्टी लेखी घ्या. माल बंदरावरून नेमका कुठे जाणार? तिथे त्याचं काय होणार: विकणार, साठवणार, त्यावर काम करणार की परत पाठवणार? हा माल आधी कधी ब्रिटनमधून बाहेर गेला होता का? आणि ड्युटी-व्हॅट आता भरायचा आहे की लांबवायचा? फोनवर मिळालेलं ‘नेहमीसारखंच’ हे उत्तर चालवून घेऊ नका. नेहमी गोदामात जाणारा माल एखाद्या वेळी थेट ग्राहकाकडे जातो, आणि नेमकी ती गोष्ट आयातदार सांगायला विसरतो.

पायरी २: मागचे दोन आकडे

इथे नवखे सर्वांत जास्त चुकतात. मागचा कोड म्हणजे मालाचा इतिहास नव्हे. ब्रिटिश कस्टम्सच्या नोंदीत हा माल आधी कोणत्या प्रोसिजरखाली होता, एवढंच तिथे सांगायचं असतं. माल रॉटरडॅमच्या बाँडेड गोदामात सहा महिने पडून होता आणि मग हार्विचला आला, तर कोड ४० ००. ४० ७१ नाही, कारण ते गोदाम डच कस्टम्सचं. दुबईच्या जेबेल अली फ्री झोनमधून आलेला मालही ४० ००. ४० ७८ लागतो तो ब्रिटनमधल्याच फ्री झोनमधून माल बाहेर काढताना. ट्रान्झिटखाली आलेला किंवा बंदराच्या तात्पुरत्या शेडमध्ये थांबलेला माल यांचाही मागचा कोड ००. ट्रान्झिटचा संदर्भ मागच्या कागदपत्रांच्या रकान्यात, म्हणजे २/१ मध्ये जातो, प्रोसिजर कोडमध्ये नाही.

उलट बाजूची चूकही होते. माल ब्रिटिश वेअरहाउसमधून निघतोय आणि टेम्प्लेटमध्ये ४० ०० तसाच राहिला. सिस्टिम ते स्वीकारेल, ड्युटीही बरोबर कापली जाईल. पण वेअरहाउसच्या हिशेबात तो माल अजून आतच दिसेल. वर्षाअखेरीला साठा मोजला की तेवढी खोकी कमी भरतात, आणि गहाळ मालावरची ड्युटी वेअरहाउसकीपरच्या गळ्यात पडते. आधीच भरलेली ड्युटी त्याच मालाची होती हे सिद्ध करत बसावं लागतं.

पायरी ३: ॲडिशनल कोड

१/११ मध्ये ००० हा सुरक्षित पर्याय वाटतो, पण तो म्हणजे ‘मी कोणतीही सवलत मागत नाही’ असं लेखी देणं. सवलत हक्काची असली तरी कोड न टाकल्यास मिळत नाही.

परत आलेल्या मालाचं उदाहरण घ्या. ब्रिटनमधून पक्की निर्यात झालेला माल न विकता परत आला, तर ६१ १०. प्रदर्शनासाठी वगैरे परत आणण्याच्या इराद्याने पाठवला होता, तर ६१ २३. हे चार आकडे फक्त ‘परत आला’ एवढंच सांगतात. ड्युटीची माफी मागायला १/११ मध्ये एफ०१ लागतो, आणि व्हॅटच्याही माफीच्या अटी पुऱ्या होत असतील तर एफ०५. सर्वसाधारणपणे माल तीन वर्षांच्या आत आणि न बदललेल्या स्थितीत परत यायला हवा, आणि तो आधी बाहेर गेल्याचा पुरावा फाइलला हवा. परदेशात दुरुस्त होऊन आलेला माल यात बसत नाही. तो आउटवर्ड प्रोसेसिंगखाली, म्हणजे परदेशात काम करून परत आणण्यासाठी, पाठवला असेल तर ६१ २१, आणि दुरुस्ती वॉरंटीत फुकट झाली असेल तर सोबत बी०२.

तात्पुरत्या आयातीत, म्हणजे ५३ ०० सोबत, डी ने सुरू होणाऱ्या मालिकेतला एक कोड लागतोच: पॅलेट, कंटेनर, व्यावसायिक उपकरणं, प्रदर्शनाचा माल, जे असेल ते. पूर्ण माफीच्या कोणत्याच प्रकारात माल बसत नसेल तर डी५१, म्हणजे अंशतः माफी. त्यात दर महिन्याला मूळ ड्युटीच्या ३ टक्के भरावे लागतात. डी५१ ला ‘बाकी सगळं’ समजून आयातदाराला न विचारता टाकू नका. त्याच्या खिशाला थेट चाट बसते. (भारतातून एटीए कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या आंतरराष्ट्रीय कागदपत्रावर, आलेल्या मालाचा मार्ग वेगळा. कार्ने असेल तर एसएफडीच्या वाटेला जायचंच नाही.)

दिवाळीच्या सुमारास कुरियर कंपन्यांच्या डेस्कवर सी०८ आणि सी०७ यांची गल्लत होते, म्हणून त्याबद्दलही. सी०८ म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट. आईने सांगलीहून लेकीला लेस्टरला पाठवलेल्या चकल्या यात बसतात. किंमत ३९ पौंडांपर्यंत असेल तर व्हॅटही नाही. दुकानाने पाठवलेला फराळ, मग पैसे कोणीही भरलेले असोत, भेट ठरत नाही. तो व्यापारी माल, आणि कमी किमतीचा असेल तर सी०७ चा विचार करायचा. दुधाचे पेढे-बर्फी मात्र कोणत्याच कोडने जात नाहीत. भारतातून दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिकरीत्या नेण्यावर बंदी आहे.

कोणत्या चार आकड्यांबरोबर कोणते तीन अक्षर-अंक चालतात याचा जोडणी तक्ता ब्रिटिश कर विभाग, म्हणजे एचएमआरसी, प्रसिद्ध करतो. तो पाठ करायचा नसतो, दर वेळी उघडायचा असतो. परिशिष्ट १ मध्ये चार आकडी कोड आणि परिशिष्ट २ मध्ये ॲडिशनल कोड, प्रत्येकावर टिपणासह. त्या टिपणात तो कोड कोणत्या प्रकारच्या डिक्लेरेशनमध्ये चालतो हेही असतं. एसएफडीसाठी चालत नसेल तर तिथेच कळतं, आणि मग पूर्ण डिक्लेरेशनशिवाय गत्यंतर नाही.

पायरी ४: डिक्लेरेशनचा प्रकार

रकाना १/१ मध्ये आयातीसाठी आयएम. खरी जोडी जमवायची ती १/२ मध्ये. एसएफडी माल येण्याआधी पाठवत असाल तर एफ, माल आल्यावर पाठवत असाल तर सी. या दोन्हींच्या मागून येणारं सप्लिमेंटरी वाय. बंदरावर एसएफडी न करता थेट आयातदाराच्या वहीत नोंद करण्याची परवानगी असेल, ज्याला ईआयडीआर म्हणतात, तर त्यामागचं सप्लिमेंटरी झेड.

वाय आणि झेड यांची अदलाबदल ही किरकोळ चूक वाटते. पण सप्लिमेंटरीत १/२ हे अक्षरच सांगतं की आधीचा दुवा कुठे शोधायचा. वाय असेल तर २/१ मध्ये एसडीई या प्रकाराखाली मूळ एसएफडीचा एमआरएन, म्हणजे सिस्टिमने दिलेला डिक्लेरेशन क्रमांक, द्यायचा. झेड असेल तर सीएलई या प्रकाराखाली वहीतल्या नोंदीची तारीख आणि नोंदक्रमांक. ड्युटीचा दर आणि विनिमय दर त्या मूळ तारखेचे लागतात, सप्लिमेंटरी भरल्याच्या दिवसाचे नाहीत. झेडमध्ये तारीख चुकली तर कोड बरोबर असूनही रक्कम चुकते.

ईआयडीआर कुठे वापरायचं नाही हेही लक्षात ठेवा. परवाना लागणारा किंवा अन्य नियंत्रणाखालचा माल वहीतल्या नोंदीवर सीमेवरून सोडता येत नाही. त्याला एसएफडी किंवा पूर्ण डिक्लेरेशन हवं.

पायरी ५: कोड आणि परवाना यांची सांगड

प्रत्येक खास प्रोसिजरमागे एक परवाना असतो, आणि तो दोन ठिकाणी सांगावा लागतो. ३/३९ मध्ये परवान्याचा प्रकार आणि धारकाचा ईओआरआय, म्हणजे कस्टम्स नोंदणी क्रमांक, आणि २/३ मध्ये कागदपत्राचा कोड. सिम्प्लिफाइडमध्ये हे ओझं दुप्पट होतं, कारण सिम्प्लिफाइड वापरण्याचा परवाना वेगळा आणि प्रोसिजरचा वेगळा. नवखे लोक पहिला टाकतात आणि दुसरा विसरतात.

एसएफडीसाठी ३/३९ मध्ये एसडीई आणि २/३ मध्ये सी५१२. ईआयडीआरसाठी ईआयआर आणि सी५१४. त्याच्या जोडीला प्रोसिजरप्रमाणे: ५१ असेल तर आयपीओ आणि सी६०१, ५३ असेल तर टीईए आणि सी५१६, ४४ असेल तर ईयूएस आणि एन९९०. खासगी वेअरहाउस असेल तर सीडब्ल्यूपी आणि सी५१७, शिवाय २/७ मध्ये यू या अक्षरासह वेअरहाउसचा क्रमांक.

ज्याच्याकडे इनवर्ड प्रोसेसिंगचा किंवा तात्पुरत्या आयातीचा कायमचा परवाना नाही त्याला पूर्ण डिक्लेरेशनवरच परवाना मागण्याची सोय आहे. ती सिम्प्लिफाइडबरोबर चालत नाही. ‘एसएफडीवर ५१ ०० टाका, परवाना डिक्लेरेशनवरच मागू’ असं ग्राहक म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा.

परवाना एजंटचा की आयातदाराचा, हेही बघून घ्या. एसडीई परवाना एजंटचा असू शकतो, वेअरहाउसचा परवाना तिसऱ्याच कंपनीचा. ३/३९ मध्ये प्रत्येक परवान्यापुढे ज्याचा त्याचा ईओआरआय हवा. टेम्प्लेट कॉपी करताना सगळीकडे एकच क्रमांक पडतो.

उदाहरण: सोलापूरचे टॉवेल

सोलापूरच्या टेरी टॉवेलची ६०० खोकी न्हावा-शेव्याहून फेलिक्सस्टोला निघाली आहेत. आयातदाराचं स्वतःचं कस्टम्स वेअरहाउस आहे, एसडीई आणि ईआयआर दोन्ही परवाने आहेत. माल गोदामात ठेवायचा आणि दुकानांची मागणी येईल तसा काढायचा.

जहाज लागण्याआधी एसएफडी असं भरायचं. १/१ आयएम, १/२ एफ, १/१० ७१००, १/११ ०००. ३/३९ मध्ये एसडीई आणि सीडब्ल्यूपी. २/३ मध्ये सी५१२ आणि सी५१७. २/७ मध्ये यू आणि गोदामाचा क्रमांक. २/१ मध्ये डीसीआर या प्रकाराखाली कन्साइनमेंटचा संदर्भ, ज्याची सुरुवात वर्षाचा शेवटचा आकडा, मग ईओआरआय, मग आडवी रेघ आणि ऑफिसचा क्रमांक अशी होते. माल गोदामात गेला. ड्युटी नाही, व्हॅट नाही. नंतरचं सप्लिमेंटरी: १/२ वाय, १/१० पुन्हा ७१००, आणि वेअरहाउसिंगचा एच२ हा डेटा संच, म्हणजे भरायच्या रकान्यांची ठरलेली यादी.

१२ मार्चला २४० खोकी दुकानांना पाठवायची आहेत. आता बंदराचा संबंध उरलेला नाही, म्हणून एसएफडी नाही. माल दारातून बाहेर पडण्याआधी आयातदाराच्या वहीत नोंद: तारीख आणि वेळ, प्रोसिजर ४० ७१, कमोडिटी कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक), २४० खोकी, किंमत, संदर्भ क्रमांक. ही नोंद म्हणजेच डिक्लेरेशन. ट्रक निघून गेल्यावर संध्याकाळी केलेली नोंद बेकायदा उचल ठरते, मग कोड कितीही अचूक असो. पुढे सप्लिमेंटरी: १/२ झेड, १/१० ४०७१, १/११ ०००, डेटा संच एच१, २/१ मध्ये सीएलईखाली १२ मार्च ही तारीख आणि वहीतला नोंदक्रमांक. ड्युटी आता देय. व्हॅट पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचा असेल तर ३/४० मध्ये एफआर१ आणि व्हॅट नोंदणी क्रमांक इथे, सप्लिमेंटरीत.

आता समजा, माल समुद्रात असतानाच आयातदाराचा निरोप आला की १०० खोकी थेट मँचेस्टरच्या ग्राहकाला द्यायची आहेत. एकाच कंटेनरमध्ये ७१ ०० ची ५०० आणि ४० ०० ची १००. एकाच डिक्लेरेशनमध्ये वेगळ्या ओळी करून हे बसवायचा मोह होतो. आमचं सांगणं: वेगळी प्रोसिजर, वेगळं डिक्लेरेशन. डेटा संच वेगळे, परवाने वेगळे, आणि एक ओळ अडकली की दुसरीही अडकते. मात्र फेलिक्सस्टोसारख्या, मालनोंदीची प्रणाली कस्टम्सशी जोडलेल्या बंदरात डिक्लेरेशन बंदराच्या नोंदीशी जुळावं लागतं, म्हणून आधी बंदराच्या प्रणालीतली ती कन्साइनमेंट ५०० आणि १०० अशी फोडून घ्या. जहाज लागल्यावर ही फोड करायला गेलात तर कंटेनरचं भाडं चढायला लागतं.

प्रोसेसिंगच्या मालाबद्दल थोडं

कोल्हापूरची कास्टिंग ब्रिटनमध्ये मशीनिंगसाठी आणली आणि तयार भाग अमेरिकेला पाठवायचे, तर आत येताना ५१ ००, बाहेर जाताना ३१ ५१. ड्युटी लागत नाही. पण काही भाग ब्रिटनमध्येच विकायचे ठरले तर त्यांना ४० ५१. इथे १/११ मध्ये एफ४४ टाकायचा की नाही यावर रक्कम ठरते. एफ४४ असेल तर ड्युटी मूळ कास्टिंगच्या दराने आणि किमतीने. नसेल तर तयार भागाच्या. हा निर्णय टेम्प्लेटने घ्यायचा नाही. आयातदाराच्या परवान्यात काय लिहिलं आहे ते वाचा. शेवटी हिशेबाचं विवरणपत्रही द्यावं लागतं, आणि त्यात ५१ ०० ने आत आलेलं प्रत्येक नग कोणत्या तरी कोडने बाहेर पडलेलं दिसायला हवं.

पायरी ६: सप्लिमेंटरी आणि महिनाअखेर

सप्लिमेंटरी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जायला हवं. १० तारखेची वाट बघणं हा मूर्खपणा आहे, कारण चुका सप्लिमेंटरीतच उघड होतात आणि सुधारायला दिवस लागतात. डिफरमेंट खात्यातून, म्हणजे ड्युटी-व्हॅट मागाहून एकत्र भरण्याच्या खात्यातून, पैसे सर्वसाधारणपणे १५ तारखेला उचलले जातात. आठवड्यातून दोनदा मागची एसएफडी उपसून सप्लिमेंटरी भरली तर महिनाअखेर डोक्यावर येत नाही. सगळी भरून झाली की अंतिम सप्लिमेंटरी डिक्लेरेशनमध्ये किती भरली आणि किती राहिली याची संख्या कळवायची असते. ती संख्या जुळली नाही तर एचएमआरसीकडून विचारणा येते, म्हणून एसएफडीचा एमआरएन आणि सप्लिमेंटरीचा एमआरएन शेजारी-शेजारी मांडलेली एक एक्सेल शीट पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यात १/१० चे दोन रकाने ठेवा: एसएफडीचा आणि सप्लिमेंटरीचा. जे जुळत नाहीत ते लाल करणारा साधा फॉर्म्युला लावला की निम्मं ऑडिट तिथेच होतं.

रिजेक्ट झाल्यावर

सीडीएसचा त्रुटी संदेश जिथे चूक आहे तिथपर्यंतचा पत्ता देतो. ४२ए म्हणजे डिक्लेरेशन, त्याखाली ६७ए म्हणजे शिपमेंट, त्याखाली ६८ए म्हणजे मालाची ओळ, आणि तिचा अनुक्रमांक. पत्ता ६८ए पर्यंत आला आणि संदेश ‘या घटकांची जोडी मान्य नाही’ अशा अर्थाचा असेल, तर बहुधा १/१० आणि १/११ यांची जोडी तक्त्यात नाही, किंवा १/२ मधलं अक्षर त्या प्रोसिजरला चालत नाही. पत्ता बघण्याआधी कमोडिटी कोड बदलत बसू नका. तो बरोबर असतो आणि आपण नवीन चूक घालतो. कागदपत्राचा कोड नाही अशी तक्रार आली तर पायरी ५ कडे परत जा. आणि कधीही, काहीही झालं तरी, रिजेक्ट झालेलं ७१ ०० ‘निदान माल तरी सुटू दे’ म्हणून ४० ०० करून पाठवू नका. माल सुटतो, पण सप्लिमेंटरीत ड्युटी देय होते आणि गोदामातला माल कागदावर कधी आतच आलेला नसतो.

रिजेक्ट न होता चुकीचं गेलेलं डिक्लेरेशन हा जास्त अवघड प्रकार. माल अजून सुटला नसेल तर दुरुस्ती किंवा रद्द करण्याची विनंती लगेच करा. सुटला असेल आणि चुकीच्या प्रोसिजरखाली गेला असेल, तर फक्त आकडा बदलून भागत नाही. डिक्लेरेशन अवैध ठरवून नव्याने भरण्याची मागणी एचएमआरसीकडे करावी लागते, आणि त्यासाठी मुदत ठरलेली असते. मागणीसोबत चूक झाली होती हे दाखवणारं काही हवं: आयातदाराची मूळ सूचना, गोदामाची पावती, किंवा परवान्याची प्रत. पायरी १ मधली लेखी उत्तरं इथे कामी येतात. वारंवार होणाऱ्या उल्लंघनांवर प्रत्येकी २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे सिम्प्लिफाइडचा परवानाच तपासणीखाली येतो.

कमी ड्युटी भरली गेल्याचं नंतर लक्षात आलं तर ती स्वतःहून कळवून भरा, जास्त भरली असेल तर परताव्याचा अर्ज करा. दोन्हीसाठी मूळ एमआरएन, सप्लिमेंटरीचा एमआरएन आणि कोणत्या ओळीत कोणता कोड होता हे लागतं. कस्टम्सच्या नोंदी चार वर्षं आणि व्हॅटच्या सहा वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा फाइल पुसण्याआधी मोठी मुदत धरा.